फिकट झालेला जुना टॅटू: पुन्हा भरायचा, वाढवायचा की तसाच ठेवायचा?

वीस-पंचवीस वर्षांपूर्वी जत्रेत हातावर गोंदवून घेतलेलं नाव आता हिरवट आणि पसरट झालेलं असतं. कॉलेजात असताना दंडावर काढलेला विंचू पुसट होऊन खेकड्यासारखा दिसायला लागतो. मग वाटतं, एकदा रेषा उजळून घ्याव्यात. किंवा करायचंच आहे तर काहीतरी मोठं करून जुनं त्यात झाकून टाकावं. दवाखान्यात हा विषय निघतो तेव्हा प्रश्न बहुतेक असाच असतो: "डॉक्टर, टॅटू जुनाच आहे, त्यावर फक्त परत फिरवायचंय. त्यात काय धोका?"

यातला "फक्त" फसवा आहे. कातडीच्या दृष्टीने रंग पुन्हा भरणं म्हणजे नवा टॅटूच. सुई तितकीच खोल जाते आणि जंतुसंसर्गाची शक्यताही तितकीच असते. उलट इथे सुईखाली कोरी कातडी नसते. तिथे आधीचा रंग असतो, आधीचा व्रण असतो आणि क्वचित एखादा न ओळखलेला आजारही असतो. म्हणून आर्टिस्टचं डिझाइन बघण्याआधी ती जुनी जागा नीट बघावी, असं माझं सांगणं असतं.

रंग फिका का पडतो?

टॅटूची सुई साधारण १ ते २ मिलिमीटर आत, कातडीच्या आतल्या थरात रंग सोडते. वरचा थर सतत झडत असतो, त्यामुळे तिथे रंग टिकला नसता. आतल्या थरात आपल्या संरक्षक पेशी त्या रंगाच्या कणांना परकं समजून गिळतात, पण त्यांना ते पचवता येत नाहीत. पेशी मेली की कण बाहेर पडतात आणि शेजारची दुसरी पेशी ते गिळते. फ्रान्समधल्या संशोधकांनी २०१८ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात ही देवाणघेवाण दाखवली. टॅटू वर्षानुवर्षं टिकतो तो असा. या सगळ्यात काही कण थोडे सरकतात, त्यामुळे रेषा जाड आणि धूसर होतात. ऊन उरलेलं काम करतं. काजळीचा काळा रंग खोलवर असला की बाहेरून निळसर-हिरवा दिसतो. आजीच्या गोंदणाचा रंग हिरवा वाटतो त्याचं कारण हेच.

काही कण लसिकावाहिन्यांतून बगलेतल्या किंवा जांघेतल्या गाठींपर्यंत पोचतात आणि तिथेच राहतात. एरवी त्याचा त्रास होत नाही. पण पुढे स्तनाच्या किंवा कातडीच्या आजारासाठी त्या गाठी तपासायची वेळ आली, तर त्या काळ्या दिसतात आणि डॉक्टर गोंधळू शकतात. दंडावर, पाठीवर किंवा छातीवर मोठा टॅटू असेल तर अशा तपासणीआधी तो आठवणीने सांगा. कपड्याखाली असल्यामुळे सांगायचं राहून जातं.

थोडक्यात, नुसतं फिकं पडणं हा आजार नाही. रंग गेला म्हणून घाबरायचं कारण नाही आणि घाईने भरायचंही नाही.

जुनी जागा उजेडात बघा

दिवसाच्या उजेडात बघा आणि बोट फिरवून बघा. टॅटू सपाट हवा, बाजूच्या कातडीसारखाच लागायला हवा.

फक्त लाल भागच उचललेला असेल, तिथेच खाज येत असेल, तर ती बहुधा लाल रंगाची ॲलर्जी असते. ती टॅटू काढल्यानंतर काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनीसुद्धा सुरू होते. अशा जागी पुन्हा लाल रंग भरणं म्हणजे विस्तवावर फुंकर घालणं. या ॲलर्जीत लेझर करून घ्यायलाही घाई करू नका. लेझरने रंगाचे कण फुटून शरीरभर पसरतात आणि क्वचित अंगभर पित्त उठणं, श्वास लागणं असा गंभीर त्रास होऊ शकतो. आधी त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा.

काळ्या रेषाच जागोजाग फुगल्या असतील, त्यातही एकापेक्षा जास्त टॅटूंमध्ये एकाच वेळी असं झालं असेल, तर सारकॉइडोसिस नावाच्या आजाराची ती पहिली खूण असू शकते. हा आजार फुप्फुसं आणि डोळ्यांनाही धरतो. अशा वेळी मी छातीचा एक्स-रे सांगतो आणि कातडीचा छोटा तुकडा तपासायला पाठवायला सांगतो. टॅटूचं पुढे काय करायचं ते नंतर बघता येतं.

आपल्या देशात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते, ती म्हणजे कुष्ठरोग. रस्त्यावर, बाजारात एकाच सुईने अनेकांना गोंदल्यानंतर बऱ्याच वर्षांनी नेमक्या त्या गोंदणाच्या जागी कुष्ठरोगाचा चट्टा उठल्याचे रुग्ण छत्तीसगडमधल्या डॉक्टरांनी नोंदवले आहेत. गोंदणाच्या जागी क्षयरोगाचा कातडीचा प्रकारही दिसलेला आहे. हे वारंवार घडतं असं नाही. पण गोंदणाभोवती फिकट किंवा तांबूस चट्टा असेल आणि तिथे गरम-गार किंवा स्पर्श कमी कळत असेल, तर त्यावर रंग भरून तो झाकू नका. कुष्ठरोगाचे उपचार सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात आणि आजार पूर्ण बरा होतो. उशीर झाला तर मात्र नसा कायमच्या अधू होतात. चट्टा रंगाखाली गेला की हा उशीर हमखास होतो.

तिळाचंही तसंच. टॅटूत किंवा त्याच्या कडेला तीळ असेल तर वाढवताना तो मोकळा सोडायला सांगा, भोवती थोडी जागा ठेवूनच. तिळाचा आकार, कडा आणि रंग बदलतोय का, हे पुढे आयुष्यभर बघता यायला हवं.

गजकर्ण हल्ली घरोघरी आहे. ते टॅटूच्या आसपास असेल तर आधी पूर्ण बरं करा. मेडिकलमधून स्वतःच आणलेलं स्टेरॉइड मिसळलेलं क्रीम महिनोन्‌महिने लावून कातडी पातळ झाली असेल, तर तिथे रेषा फुटतात, रंग पसरतो.

जत्रेतल्या सुईचा हिशेब

जुना टॅटू बघितला की मी पहिला प्रश्न विचारतो: कुठे काढला होता? उत्तर जत्रा, आठवडी बाजार, रेल्वे स्टेशनबाहेरचा फुटपाथ किंवा "हॉस्टेलवर मित्राने काढला" असं असेल, तर नव्या टॅटूचा विषय बाजूला ठेवून मी तीन रक्ततपासण्या लिहून देतो: हिपॅटायटिस बी (एचबीएसएजी), हिपॅटायटिस सी (अँटी-एचसीव्ही) आणि एचआयव्ही.

हे ऐकून माणसं दचकतात. "माझं काही वाकडं चाललंय असं वाटतंय का?" असंही विचारतात. तसं काही नाही. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर, सुकलेल्या रक्तातसुद्धा किमान सात दिवस तग धरतो. त्या दिवशी तुमच्या आधी ज्याला गोंदलं, त्याला हा आजार असेल, तर तो सुईतून किंवा रंगाच्या वाटीतून तुमच्याकडे येऊ शकतो. बी आणि सी हे दोन्ही विषाणू यकृतात वीस-तीस वर्षं गुपचूप राहू शकतात. कावीळ होईलच असं नाही. पुष्कळांना पोटात पाणी झाल्यावर, रक्ताची उलटी झाल्यावर कळतं. तेव्हा यकृत आक्रसलेलं असतं.

वेळेत कळलं तर चित्र पुष्कळ वेगळं असतं. हिपॅटायटिस सी बहुतेक रुग्णांत साधारण तीन महिन्यांच्या गोळ्यांनी पूर्ण बरा होतो. बी सहसा मुळापासून जात नाही, पण औषधांनी ताब्यात राहतो. २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमामुळे ठरावीक सरकारी रुग्णालयांत या तपासण्या आणि औषधं मोफत मिळतात. बी निघाला तर जोडीदाराची आणि मुलांची तपासणी करून त्यांना लस द्यावी लागते. अहवाल घरच्यांना सांगायला संकोच वाटतो, ते मी समजू शकतो. तरीही सांगावं लागतं.

अहवाल चांगला आला तर बीची लस घेऊन टाका. भारतात बाळांच्या लसीकरणात ही लस देशभर २०११ च्या सुमारास आली. त्यामुळे आज तिशी-चाळिशीत असलेल्या बहुतेकांना ती लहानपणी मिळालेलीच नाही. तीन डोस असतात: पहिला, मग एक महिन्याने, मग सहा महिन्यांनी. नव्या टॅटूच्या आधी निदान दोन डोस झालेले असावेत आणि शक्य असेल तर तिन्ही. विचार करायला सहा महिने मिळतात, हा त्यातला आणखी एक फायदा. चार महिन्यांनी बरेच जण डिझाइन बदलून येतात.

तब्येतीचा विचार

मधुमेह असेल तर टॅटू करूच नये असं नाही, पण तीन महिन्यांची सरासरी साखर ताब्यात हवी. पायावर, घोट्याजवळ मात्र मी नकोच म्हणतो. तिथे जखम भरायला वेळ लागतो आणि संसर्ग झाला तर महागात पडतो.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर रक्त जास्त येतं, रंग नीट बसत नाही. म्हणून काही जण आर्टिस्टच्या सांगण्यावरून गोळी चार दिवस बंद करतात. हे करू नका. अँजिओप्लास्टीनंतर स्टेंट बसवलेल्या माणसाने अशी गोळी मनाने थांबवली तर स्टेंट बंद होऊन हार्ट अटॅक येऊ शकतो. टॅटू पुढे ढकलता येतो. तुमच्या हृदयरोगतज्ज्ञाने गोळी थांबवायला होकार दिला नसेल तर विषय तिथेच संपवा.

हृदयाची झडप बदललेली असेल, किडनी बदललेली असेल, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं किंवा केमोथेरपी चालू असेल, तर नवा रंग भरू नये. गरोदरपणात आणि बाळ अंगावर पीत असेपर्यंत थांबा. मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या घेत असाल तर त्या संपल्यावर साधारण सहा महिने जाऊ द्या.

सोरायसिस, कोड आणि लायकेन प्लॅनस या आजारांत कातडीला जिथे इजा होते तिथे नवा चट्टा उठण्याची खोड असते. आजार वाढत असताना टॅटू वाढवला तर डिझाइनच्या आकाराचाच चट्टा उठलेला दिसतो. ज्यांना जखमेचे वण गाठीसारखे वाढतात (याला केलॉइड म्हणतात), त्यांनी छाती, खांदा आणि दंडाचा वरचा भाग टाळावा. कान टोचल्यावर गाठ आली होती का, लशीचा वण वाढला होता का, हे घरच्यांना विचारून बघा. आपल्याला आठवत नसलं तरी आईला आठवतं.

उजळवणं, वाढवणं, झाकणं: तीन वेगळे निर्णय

जुन्याच रेषांवर तोच काळा रंग फिरवणं हे या तिन्हींत सगळ्यात कमी जोखमीचं. कातडी सपाट आहे, तपासण्या ठीक आहेत, जागा ऊन लागणारी नाही, तर हरकत घेण्यासारखं फारसं काही नाही. फक्त रेषा एकदा पसरल्या असतील तर त्या पुन्हा बारीक होत नाहीत, जाडच होतात. बारीक अक्षरांचं नाव उजळवताना अक्षरं एकमेकांत मिसळतात. आर्टिस्टने हे आधी सांगायला हवं. "एकदम नव्यासारखं होईल" असं सांगणाऱ्याकडे मी तरी जाणार नाही.

वाढवण्यात दोन गोष्टी बदलतात. एक, रंग जास्त आणि अनेक प्रकारचा शरीरात जातो. काळ्यापेक्षा लाल, पिवळ्या रंगांची ॲलर्जी जास्त दिसते. दोन, परतीची वाट अवघड होते. मनगटावरचा काळा ठिपका पुढे लेझरने काढणं आणि खांद्यापासून कोपरापर्यंतचं हिरवं-पिवळं जंगल काढणं यात पैशाचा, वेळेचा, वेदनेचा हिशेब पूर्ण वेगळा असतो. हिरवा आणि पिवळा रंग लेझरला दाद देत नाही. पांढरा आणि कातडीच्या रंगाचा तर लेझरने उलट काळा पडू शकतो.

मुलं भरतीच्या तयारीत असतील तर पालकांनी इथे विशेष लक्ष द्यावं. बीएसएफ, सीआरपीएफ यांसारख्या केंद्रीय दलांच्या भरतीच्या नियमांत टॅटूचा मजकूर, जागा आणि आकार तिन्ही बघतात. धार्मिक चिन्ह किंवा नाव चालतं, जागा डाव्या हाताच्या आतल्या बाजूला किंवा पंजाच्या मागे, आणि आकार त्या भागाच्या एक चतुर्थांशापेक्षा कमी. म्हणजे लहानपणी जत्रेत काढलेलं छोटंसं नाव कदाचित चाललं असतं, पण ते "चांगलं दिसावं" म्हणून मोठं केल्यावर मेडिकलमध्ये मुलगा बाद होऊ शकतो. ज्या भरतीला बसायचंय तिची ताजी जाहिरात वाचल्याशिवाय सुई लावू नका.

झाकण्याचं कारण बहुतेक वेळा नको झालेलं नाव असतं. मोडलेलं लग्न, तुटलेलं नातं, कधी वारलेल्या माणसाचं नाव रोज बघवत नाही म्हणून. झाकायला जुन्यापेक्षा गडद आणि साधारण दुप्पट-तिप्पट मोठं चित्र लागतं. हे ऐकल्यावर अनेकांचा विचार बदलतो. मधला एक मार्ग आहे: दोन-चार वेळा लेझर करून जुनं फिकं करायचं आणि मग छोट्या, हलक्या चित्राने झाकायचं. आपल्या सावळ्या कातडीसाठी १०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग लेझर त्यातल्या त्यात सुरक्षित. चुकीच्या लेझरने कातडीवर पांढरे किंवा काळे डाग राहतात, म्हणून हे त्वचारोगतज्ज्ञाकडेच करावं, पार्लरमध्ये नाही. दोन बैठकांमध्ये सहा-आठ आठवडे जातात आणि शेवटच्या बैठकीनंतरही तेवढंच थांबावं लागतं. काजळीचं जुनं, फिकट गोंदण मात्र लेझरने बऱ्यापैकी लवकर जातं. पुष्कळांना झाकायची गरजच उरत नाही.

आजीचं गोंदण

अलीकडे नातवंडं हौसेने विचारतात, "आजीच्या कपाळावरचं, हातावरचं गोंदण पुसट झालंय, नवं करून देऊ का?" भावना छान आहे. पण सत्तरीनंतर हाताच्या मागची कातडी कागदासारखी पातळ होते, नुसत्या ठेचेने काळी-निळी पडते. रंग तिथे बसत नाही, पसरतो, आणि जखम भरायला वेळ लागतो. माझा सल्ला असा असतो की ते तसंच राहू द्या. चांगल्या उजेडात फोटो काढून ठेवा, कोणी आणि कुठे गोंदलं होतं ते आजीकडून ऐकून घ्या. नातीला तेच नक्षीकाम स्वतःच्या हातावर हवं असेल तर ते तिने वयाची अठरा पूर्ण झाल्यावर, स्वच्छ ठिकाणी करून घ्यावं.

करायचं ठरलंच तर

सुई बंद पाकिटातून तुमच्या समोर काढली पाहिजे. रंग बाटलीतून छोट्या, एकदाच वापरायच्या टोपीत ओतलेला हवा आणि उरलेला फेकला पाहिजे. छटा हलकी करायला रंगात नळाचं पाणी मिसळताना दिसलं तर उठून या, हे मी गंमत म्हणून सांगत नाही. पाण्यातले क्षयरोगाच्या जंतूंच्या जातकुळीतले काही जंतू यातून कातडीत जातात. २०११ मध्ये अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात तर आधीच पातळ करून बाटलीत भरलेल्या करड्या रंगामुळे अनेकांना असा संसर्ग झाला होता. साध्या अँटिबायोटिकने तो जात नाही, महिनोन्‌महिने औषधं घ्यावी लागतात.

मोठं काम असेल तर दुखू नये म्हणून सुन्न करणारं क्रीम जाड थराने लावून वर प्लास्टिक गुंडाळतात. मोठ्या भागावर हे औषध इतकं शोषलं जातं की चक्कर, झटके, हृदयाचे ठोके बिघडणं इथपर्यंत जाऊ शकतं. काम छोट्या छोट्या बैठकांत करून घ्या.

काम झाल्यावर दोन-तीन आठवडे साध्या साबणाने धुणं, कोरडं टिपणं आणि पातळ मलम लावणं एवढं पुरतं. हळद, भस्म, तेल, टूथपेस्ट काही नको. विहीर, तलाव, पोहण्याचा तलाव तेवढे दिवस बंद. भरल्यानंतर कपड्याखाली किंवा सनस्क्रीनखाली ठेवलात तर रंग जास्त टिकेल. रक्तदान करत असाल तर साधारण वर्षभर थांबावं लागेल आणि ब्लड बँकेत टॅटूबद्दल खरं सांगावं लागेल. एमआरआय करायची वेळ आली तर तिथल्या तंत्रज्ञालाही सांगा. काही रंगांत लोहाचे कण असतात आणि क्वचित टॅटूच्या जागी गरम वाटतं किंवा चटका बसतो.

पहिले दोन-चार दिवस लाली, थोडी सूज, पाझर हे चालतं. ताप आला, लाली कडेच्या बाहेर पसरत गेली, पू आला, बगलेत दुखरी गाठ आली, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. एक ते तीन आठवड्यांनी, सगळं भरलंय असं वाटत असताना छटेच्या भागात बारीक लाल पुरळ उठलं तर ते घामोळं समजून पावडर लावत बसू नका. दाखवायला याल तेव्हा टॅटू कधी आणि कुठे भरला हे आपणहून सांगा, आणि शक्य असेल तर रंगाच्या बाटलीचा फोटो घेऊन या.